मुकुंदरावांचे दोन उकार

रेश्मा मुजावरने आपल्या नव्या अरुंद अक्षरांत एखाद्याचं नाव पुठ्ठ्यावर लिहून त्याच्या छातीला लावलं, की तो माणूस आक्रसून जेमतेम चार बोटं रुंदीचा उरे. उंची थोडी वाढे, कडा हाताने काढल्यासारख्या वाकड्या होत आणि स्वभाव खेळकर होई. मिरजेतल्या इतर पेंटरांच्या अक्षरांत हा गुण नव्हता.

म्हणून लग्नाच्या सकाळी नवरीची आई, नलिनीताई मगदूम, तिच्याकडे धावत आल्या. मोठं कार्यालय चुकून दुसऱ्यांना दिलं गेलं होतं. हाती उरला होता दोनशे माणसांचा हॉल, आणि पाहुणे येणार होते आठशे. त्यात व्याही मुकुंदराव चौगुल्यांनी फोनवर बजावलं होतं, "एक जरी माणूस बाहेर उभं राहिलं, तर वऱ्हाड परत नेईन."

"ताई, हे अक्षर आइस्क्रीमच्या गाड्यांसाठी काढलंय," रेश्मा म्हणाली. "लग्नात लोक गंभीर राहणार नाहीत."

"पोरगी हळद लावून बसलीय गं. गंभीर मी राहते."

रेश्मा रंग घेऊन हॉलच्या दाराशी बसली. नाव सांगायचं, पुठ्ठा लावायचा, आत जायचं. एकेका खुर्चीवर चौघं मावू लागले. ज्यांच्या नावात वेलांटी, त्यांच्या डोक्यावर केसांची बट उभी राही. ज्यांच्या नावात उकार, त्यांचे पाय थिरकत. कुसुममावशींना तर दोघांनी धरून बसवलं.

हॉलचे व्यवस्थापक टोणपे टेप घेऊन आले. त्यांनी सगळ्यांची रुंदी मोजली.

"एकशे नव्व्याण्णव खुर्च्या भरल्या. आता पुठ्ठ्याशिवायचा रुंद माणूस एकच बसेल."

तेवढ्यात मुकुंदराव आले. कोर्टात तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. कुणी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. "मी आहे तसाच आत येणार," ते म्हणाले.

"या ना," नलिनीताई म्हणाल्या. "मला पुठ्ठा नको, गंभीर राहायचंय. मी बाहेर पंगतीचं बघते."

आत अंतरपाट धरला गेला. नलिनीताई पायरीवर उभ्या राहून टाचा उंचावून बघत होत्या. मुकुंदराव दारातच थांबले. त्यांनी एकदा आत पाहिलं, एकदा विहिणीकडे. मग रेश्मासमोर येऊन बसले.

"लिहा. मुकुंद. दोन्ही उकार नीट काढा."

"काका, दोन आहेत. झेपेल ना?"

"लिहा म्हणतो ना!"

नलिनीताई आहेत तशा आत गेल्या. पाठोपाठ मुकुंदराव खुर्च्यांच्या फटीफटीतून नाचत मांडवापर्यंत पोचले. पहिली अक्षता त्यांनीच उडवली आणि इतक्या मोठ्याने हसले, की भटजी मंगलाष्टक विसरले.

जेवणं झाल्यावर लोकांनी पुठ्ठे काढून ठेवले. मुकुंदरावांनी काढला नाही. त्यांच्या पत्नी सुलोचनाबाईंनीही नाही.

सोमवारी दोघं कोल्हापूरच्या एसटीत चढले. कंडक्टरने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"दोन फुल की एक हाफ?"

"ते तुम्ही ठरवा," सुलोचनाबाई म्हणाल्या. "मला खिडकी हवी."