क्रॅकमधलं घर

अंगदने सकाळी कॉम्प्युटर चालू केला आणि कपाळावर हात मारून घेतला. स्क्रीनवर लाल पाटी होती: तुमच्या सगळ्या फाइली आम्ही कुलपात टाकल्यात, सोडवायच्या तर पैसे पाठवा. भोकरदनच्या बसस्टँडमागे घरांचे नकाशे काढून पोट भरणारा हा इंजिनिअर! त्यात पिंपळगाव रेणुकाईच्या अण्णासाहेबांच्या घराचा पाया उद्या भरायचा होता आणि पायाचा नकाशा त्याच कुलपात. आज नकाशा मिळाला नाही तर काम दुसऱ्याला देतो, असं त्यांनी कालच ऐकवलं होतं.

त्याने राधेश्यामला फोन लावला. डिझाइनचं महागडं सॉफ्टवेअर फुकटात टाकून देणारा हाच तो दोस्त.

"वाट लावली ना माझी! सगळ्या फाइली लॉक झाल्या."

"अँटिव्हायरस चालू व्हता का?"

"तूच तर बंद करायला लावला व्हता!"

"मंग बराबर हाय. तो चालू असला की क्रॅक चालतच न्हाई."

म्हणजे कुत्रं बांधून ठेवायचं आणि चोराला दार उघडायचं! अंगदचं डोकं फिरलं. "राध्या, अण्णासाहेबाचं अख्खं घर क्रॅकमधी हाय रे!"

दारात अण्णासाहेब उभे होते.

"आरं, अजून पाया भरला न्हाई, अन् घराला क्रॅक?"

"तसं न्हाई अण्णा..."

अण्णांनी तोवर बहिणीला फोन लावलाही होता. तिचं आणि तिच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचं घरही अंगदच्याच नकाशाचं. "झुंबर, जल्दी घरातून भाईर अंगणात नीघ! अन् भिंती बघ!"

दुपारी झुंबरबाई ऑफिसात हजर. "देवघराच्या भिंतीला भेग हाय."

"मावशी, ती प्लास्टरची. क्रॅक म्हंजे तडा न्हाई. क्रॅक म्हंजे... कंपनीला पैसे न देता वापरलेलं सॉफ्टवेअर."

"म्हंजे चोरीचं?"

अंगदला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी त्याने माळ्यावरचा ड्रॉइंग बोर्ड काढला, हिशेब पुन्हा मांडला आणि पेन्सिलीने पाया काढायला बसला. मान आखडली, पाठ धरली. बहीणभाऊ समोर बसून रेघ न् रेघ बघत होते. संध्याकाळी अण्णासाहेबांनी कागद उजेडात धरला.

"ह्याला म्हंत्यात ओरिजिनल! उद्या पाया भरू."

काम वाचलं. अंगद बोर्ड उचलायला वाकला, तर झुंबरबाईंनी त्यावर हात ठेवला.

"थांब. आता माझ्या घराचा काढ."

"मावशी, तुमचं घर कधीच बांधून झालं! तुम्ही त्यात राहून राह्यले ना?"

"राहून राह्यलो, पण क्रॅकमधी," झुंबरबाई म्हणाल्या. "अन् जल्दी हात चालव. आमची सगळी गल्ली घरं सोडून भाईर उभी हाय."