इंजिन नसलेलं टोक

"हलू नकोस," म्हणत ग्वेनडानं डेरेकच्या गळ्यातला बो टाय करकचून आवळला. "आणि नीट ऐक. आज जेवणाची घंटा वाजली आणि तू टेबलावर नसलास, तर उद्या व्हेनिस मी एकटी फिरणार. आणि मला मजाही येणार आहे."

डेरेक हॅलिवेलला घाम फुटला, कारण ग्वेनडा उगाच धमक्या देत नसे. हा माणूस स्वतःच्या लग्नाला उशिरा पोहोचला होता. मुलगी झाली तेव्हा तो इस्पितळात पोहोचेपर्यंत बाळ आंघोळ करून झोपलंही होतं. बार्न्सलीत त्यानं दुरुस्त केलेल्या सगळ्या बस वेळेवर धावत, तो सोडून. म्हणूनच लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला ग्वेनडानं त्याला न विचारता या आलिशान खाजगी गाडीचं आरक्षण करून टाकलं होतं. गाडीतच राहायचं, गाडीतच जेवायचं. इथे उशीर करायचा म्हटलं तरी माणूस करणार कुठे जाऊन?

गाडी इन्सब्रुकला थांबली. ग्वेनडा केस बसवायला आरशाकडे वळली आणि डेरेकच्या पोटात कावळे ओरडले. दुपारी त्याला परातीएवढ्या बशीत बोटाएवढा मासा आणि वर एक फूल मिळालं होतं. त्यानं फूलसुद्धा खाल्लं होतं. त्यांच्या डब्याचा सेवक ल्युका म्हणाला की इथे इंजिन बदलतात, वेळ लागतो. आणि समोरच फलाटावर सॉसेजची टपरी होती.

आता डेरेक काही बेसावध नव्हता हं. जुनं इंजिन सुटून गेलं आणि गाडीचं पुढचं टोक मोकळं झालं, ते त्यानं स्वतः पाहिलं. इंजिनाशिवाय गाडी हलत नाही, यंत्रांतलं एवढं तर त्याला कळत होतंच. म्हणून तो फलाटावर, त्या मोकळ्या टोकासमोर उभा राहिला, शर्टावर रुमाल खोचला आणि नजर न हटवता सॉसेज खाऊ लागला. इंजिन आलं की चढायचं. इंजिन आलंही, पण दुसऱ्या टोकाला. तिकडेच जोडलं गेलं आणि गाडी जिकडून आली होती तिकडेच, डेरेकपासून लांब लांब, अगदी ऐटीत निघून गेली.

तो धावला. धावून काय होणार?

स्टेशनातल्या बोर्डावर त्या गाडीचं नावच नव्हतं. चौकशीच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "बोर्डावर नाही म्हणजे आमच्याकडे नाही."

"अहो, आत्ता गेली. निळी. माझी बायको आहे तिच्यात."

"ती होय. ती खाजगी. बाकीच्या सगळ्या गाड्या गेल्या की उरलेल्या वेळात जाते ती." बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "समोरची पॅसेंजर पकडा. ब्रेनरला, इटलीच्या सीमेवर, ती थांबते. तिच्याआधी पोहोचाल."

पॅसेंजर चिखलानं माखलेल्या सायकलवाल्यांनी भरली होती. डेरेकचा काळा कोट आणि बो बघून एका आजींनी त्याच्याकडे कॉफी मागितली. एकानं तिकीट पुढे केलं. समजावून सांगण्याइतकं त्राण नव्हतं, म्हणून डेरेकनं ते उलटसुलट पाहून परत दिलं. गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबत होती आणि प्रत्येक वेळी त्याचा जीव वरखाली होत होता.

एका लहानशा स्टेशनात, बाजूच्या रुळावर, त्यांची आलिशान गाडी शिक्षा झाल्यासारखी उभी होती. जेवणाच्या डब्यात दिवे लागले होते. त्यांचं खिडकीजवळचं टेबल त्याला स्पष्ट दिसलं. दोन्ही खुर्च्या रिकाम्या. म्हणजे ग्वेनडा वाटसुद्धा पाहत नव्हती. ती त्याची बॅग भरत असणार.

ब्रेनरच्या थंडीत तो कुडकुडत उभा राहिला. त्याच्यासमोरून मालगाड्यासुद्धा दिमाखात गेल्या, तेव्हा कुठे निळी गाडी आली. ल्युका खाली उतरला. त्याच्या हातात शॅम्पेनचा अर्धा पेला होता.

"मॅडम कुठे आहेत?" डेरेकनं विचारलं.

"मॅडम मागच्या स्टेशनावर उतरल्या, साहेब. तुम्हाला शोधायला इन्सब्रुकला परत गेल्या."

"आणि तू जाऊ दिलंस?"

"मी अडवायला गेलो होतो. त्यांनी मला हा पेला धरायला दिला."

तेवढ्यात आत जेवणाची घंटा वाजली. डेरेकनं एक पाय पायरीवर ठेवला, एक फलाटावर. आत जावं तर बायको मागे राहणार. बाहेर राहावं तर टेबल रिकामं राहणार आणि व्हेनिस हातचं जाणार. गाडीच्या व्यवस्थापकानं गोड शब्दांत विनवलं की सिग्नल मिळेल, दार लावायचंय. मग जरा कमी गोड शब्दांत विनवलं. डेरेक दारात पाय रोवून तसाच उभा.

शेवटी पुढची पॅसेंजर आली. तिच्यातून सायकलींच्या गर्दीला कोपरानं ढकलत ग्वेनडा उतरली. लांब झग्याचा घोळ मुठीत, केस एका बाजूला कलंडलेले. इन्सब्रुकच्या बाईंनी तिला काळ्या कोटवाल्याचा पत्ता दिला होता. ती धापा टाकत डेरेकसमोर थांबली.

"घंटा झाली?"

"मघाशीच."

"तू कधी आलास?"

"तुझ्या बऱ्याच आधी."

उशिरा आलेल्या माणसानं काय बोलायचं असतं, याची ग्वेनडाला आयुष्यात सवयच नव्हती. तिनं केस सावरून पाहिले, झगा झटकला, फलाटाकडे पाहिलं.

"अरे, गाडीच उशिरा आली," ती म्हणाली.

"हो का," म्हणून डेरेकनं तिला हात दिला. हे वाक्य ऐकायला कसं लागतं, ते त्याला आज पहिल्यांदाच कळत होतं.