सव्वाशे ग्रॅमचा टॉवेल

लेकीने आयुष्यात पहिल्यांदाच "बाबा, माझ्याबरोबर चला" म्हटलं आणि लाँड्रीवाल्यांचं घोडं टॉवेलापाशी अडलं.

डोंगरातली पाच दिवसांची पायपीट होती. ज्याचं ओझं त्याच्या पाठीवर, आणि पिशवी सात किलोंच्या वर गेली तर माणूस घरी, असा लेकीचा कायदा. वीस वर्षं दुकानाला सुट्टी न देणाऱ्या लाँड्रीवाल्यांनी त्या तारखांभोवती कॅलेंडरवर लाल गोल काढले होते. पण त्यांचा लाडका टॉवेल कोरडाच पाऊण किलो भरायचा, आणि एकदा भिजला की दोन दिवस वाळायचा नाही.

"हा आणणार असाल तर तुम्ही राहा, टॉवेललाच पाठवा," लेक म्हणाली.

म्हणून ते खेळसामानाच्या दुकानात गेले. तिथल्या मुलीने रुमालाएवढी जांभळी घडी पुढे केली. "काका, सव्वाशे ग्रॅम. तासाभरात वाळतो. फक्त एवढं लेबल वाचा..."

"पोरी, अर्धं गाव माझ्याकडे कपडे धुतं. तू मला कापड शिकवणार?"

तिने टॉवेल पुड्यात घालून हातात दिला. लाँड्रीवाल्यांच्या स्वतःच्या दुकानात ठळक अक्षरांत पाटी होती: 'लेबल वाचूनच कपडा द्यावा. मागाहून तक्रार चालणार नाही.' ती त्यांनी स्वतःच रंगवली होती.

घरी आल्यावर त्यांनी टॉवेल गालाला लावून पाहिला. तो खरखरला. असला टॉवेल लेकीसमोर काढायचा? त्यांनी दुकानातल्या खास सॉफ्टनरमध्ये तो रात्रभर बुडवला. सकाळी टॉवेल लोण्यासारखा मऊ झाला होता आणि पाणी टिपायचं साफ विसरला होता. आंघोळ केल्यावर त्यांनी अंग पुसलं, तर पाणी नुसतं इकडून तिकडे फिरलं. ओल्या अंगावर शर्ट चढवून, टॉवेल घेऊन ते आपल्या दुकानात आले आणि हाताच्या सवयीने त्यांनी टॉवेलवर कडक इस्त्री टेकवली.

चर्र आवाज आला. इस्त्री उचलली तर मधोमध तिच्याच आकाराचं भोक! कडा गोळा होऊन कुरकुरीत झालेल्या. घाबरून त्यांनी पुढचा कपडा ओढला, आणि इस्त्रीला चिकटलेला जांभळा थर डॉक्टरांच्या पांढऱ्याशुभ्र कोटावर उतरला.

"हे काय?" संध्याकाळी डॉक्टरांनी विचारलं.

"शाई असेल, तुमच्याच पेनाची."

"मी काळ्या शाईने लिहितो," असं म्हणून डॉक्टरांनी भिंतीवरची पाटी मोठ्याने वाचून दाखवली. लाँड्रीवाल्यांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी नवा कोट शिवून द्यायचं कबूल केलं. गल्ल्यावर बसलेली बायको हिशेबाच्या वहीत मान खुपसून होती. तिचे खांदे तेवढे हलत होते.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा खेळसामानाच्या दुकानात गेले, मान खाली घालून तसलाच टॉवेल घेतला आणि या वेळी लेबल दोनदा वाचलं: 'सॉफ्टनर नको, इस्त्री नको.' जळका टॉवेल घरात ठेवला तर बायकोला सापडेल, म्हणून तो पिशवीच्या तळाशी कोंबला. डोंगरात कुठेतरी कचऱ्याच्या डब्यात टाकू, कोणाला पत्ता लागतोय?

निघायच्या आदल्या संध्याकाळी लेकीने पिशवी दुकानातल्या काट्यावर ठेवली.

"सात किलो शंभर. बाबा, काय जास्त घेतलंत?"

"काही नाही गं. काटा बिघडलाय."

"तुमचा काटा?" तिने पिशवी उपसायला घेतली. लाँड्रीवाल्यांच्या डोळ्यांसमोरून कॅलेंडरवरचे पाच लाल गोल एकेक करून पुसले गेले. तळाशी तिच्या हाताला तो जांभळा बोळा लागला. तिने तो उलगडला आणि भोकातून बापाकडे बघितलं.

"इस्त्री?"

"...सवय गं."

ती हसली नाही. तिने आपली पिशवी उघडून हिरवा टॉवेल काढला आणि पसरला. त्याच्या कोपऱ्यात इस्त्रीच्या टोकाएवढं भोक होतं.

"पहिल्या ट्रिपच्या वेळी मीही इस्त्री टेकवली होती. तुमचं आईला बोलला नाहीत ना?"

"छे! तू?"

"तीन वर्षं झाली, तोंडातून चकार शब्द काढला नाही."

लाँड्रीवाल्यांच्या छातीवरचा दगड उतरला. बापलेकीने हसत हसत जांभळा टॉवेल बाहेर काढला आणि पिशवी पुन्हा काट्यावर ठेवली. सातच्या आत!

तेवढ्यात मागच्या खोलीतून बायकोचा आवाज आला, "जायच्या आधी इस्त्रीचा तळ घासून जा हो. तीन वर्षांपूर्वी तो हिरवा थर मीच तासभर खरवडत होते!"