मागच्या चाकांचा मान

मंगळवारी सकाळी गाडीच्या मागच्या दोन चाकांनी पुढच्या दोन चाकांशी अबोला धरला, आणि नेमकं त्याच दिवशी निवेदिता उकिडवेला आईला इस्पितळातून घरी आणायचं होतं.

आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, एकही दणका बसता कामा नये. आता दणका न बसता पंचवटी गाठायची, तर निवेदिताने स्वतः बनवलेल्या गाडीशिवाय गत्यंतर नव्हतं. तिचं सस्पेन्शन नुसत्या स्प्रिंगांच्या जिवावर बसणारं नव्हे. पुढची चाकं खड्डा लागताच स्वतःला सावरत आणि मागच्यांना कळवत. मागची आधीच पाय आखडून तयार राहत. आतल्या माणसाला खड्ड्याचा पत्ताही लागत नसे.

"काय बिनसलं?" निवेदिताने वाकून विचारलं.

"पूर्वी ही दोघं स्वतः सांगायची," मागचं डावं चाक म्हणालं. "हल्ली त्या मधल्या कॉम्प्युटरकडून निरोप येतो. घरच्या माणसांना असं तिऱ्हाईताकडून कळवतात होय?"

निवेदिता चपापली. वायर वाचवायला तो बदल तिनेच केला होता.

"निरोप पोचल्याशी मतलब," पुढचं उजवं चाक फणकारलं. "का आता दारी अक्षता घेऊन येऊ?"

"यायचंच मुळी!"

पण यायचं कसं? चारही जागच्या जागी बोल्टांनी आवळलेली. निवेदिताने हात जोडले, माफी मागितली, आकडेमोड करून पाहिली. मागची चाकं ढिम्म. ती अगदी रडकुंडीला आली.

"मानपानाचं आहे ना? मग गणितं कसली मांडतेस?" इस्पितळाच्या दारात उभ्या गाडीतल्या स्ट्रेचरवरून आई म्हणाली. चार नणंदांची लग्नं निभावलेली बाई ती. तिने मान जराही न हलवता मागच्या चाकांना हाक मारली. "काय हो, जन्मभर मागेच राहिलात. आज तुम्ही पुढे व्हाल का?"

मागच्या चाकांनी आपसांत विचारविनिमय केला. "होऊ. पण घरापर्यंत. आणि खड्डे आमच्या तोंडाने सांगू."

"गायधनी, रिव्हर्स टाका," आई ड्रायव्हरला म्हणाली.

गाडी उलटी निघाली. "खड्डा हं, अण्णा!" मागचं डावं चाक खणखणीत ओरडलं. पुढची चाकं पहिल्यांदा घुश्शातच होती, पण एवढ्या अगत्याने कुणी सांगितल्यावर गप्प तरी किती बसणार?

"कळलं बरं, दादा," ती दोघं म्हणाली.

रविवार कारंजावर वाहतूक पोलिसाने हात दाखवला. "उलटी का चालवताय?"

"मागच्यांचा मान राहिला होता," गायधनी म्हणाले.

"अरे बापरे!" पोलिसाने घाईघाईने बाकीची वाहनं थोपवली. "जा, जा. माझ्या मेहुण्याचं अजून मिटलेलं नाही."

पुढे रामकुंडाकडचा सगळा उखडलेला रस्ता लागला. चाकांच्या गप्पा एव्हाना रंगात आल्या होत्या. खड्डा सांगून झाला की एकमेकांची ख्यालीखुशालीही विचारली जात होती. निवेदिता आईचा हात घट्ट धरून बसली होती आणि भीतीने तिने डोळे मिटून घेतले होते.

गाडी फाटकाशी थांबली. शेजारच्या वैद्यकाकू आरतीचं तबक घेऊन धावत आल्या आणि क्षणभर विचार करून मागच्या बाजूने ओवाळायला लागल्या.

आईने डोळे किलकिले केले. "निवे, कधीची पडून आहे गं मी. अजून निघालो नाही का आपण?"