खडीप्रेमींच्या सोयीसाठी

टेकडीपलीकडच्या रस्त्याचं खडीकरण पूर्ण झालं असून डांबरीकरण प्रगतिपथावर आहे. हे वाक्य आमच्या रस्ते खात्यात इतकी वर्षं वापरात आहे, की नवीन टंकलेखकाचा हात त्याच वाक्यावर बसवतात. त्यात खोटं काही नाही. खडी टाकलेली आहे, ती कुणीही अनवाणी चालून तपासून घ्यावी. डांबर मात्र यायचं आहे, आणि यायचं असलेल्या गोष्टीला आमच्याकडे प्रगती म्हणतात. मी त्या खात्यात उपअभियंता आहे. म्हणजे वाक्य मी लिहितो आणि सही साहेब करतात.

अडचण एकच होती आणि ती घरची होती. त्या रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला माझी थोरली बहीण राहते. ताईकडे कोंबड्या आहेत. अंड्यांचे ट्रे सायकलच्या कॅरिअरला बांधून ती शहरातल्या बेकरीत पोचवते. घरून निघताना ती अंडी असतात. बेकरी येईपर्यंत त्यातली बरीचशी केकच्या दिशेने पुढे निघून गेलेली असतात. बेकरीवाला तसा भला माणूस, पण अंडी आपल्या हाताने फोडण्याचा त्याचा आग्रह आहे. त्याने ताईला सांगितलं, दुकान वाढवतोय, यापुढे सगळी अंडी तुमच्याकडूनच घेईन, फक्त शाबूत आणा. हा हंगाम वाट बघतो, नाहीतर मला दुसरीकडे बघावं लागेल. ताईने या शब्दावर नवं खुराडं बांधलं, कोंबड्या वाढवल्या आणि मला फोन केला.

“लोकांचे भाऊ परगावाहून बहिणीला घड्याळं आणतात,” ती म्हणाली. “मी तुझ्याकडे डांबर मागतेय. तेही तुझं नाही, खात्याचं.”

आणि या वर्षी खरंच मंजुरी आली. डांबराची पिंपं रस्त्याच्या कडेला उतरली. रोलर येऊन उभा राहिला. मी छाती पुढे काढून ताईला फोन केला. ती म्हणाली, पिंपं दिसली, पण पिंपांवरून सायकल जात नाही. रस्ता झाला की सांग. तिचा स्वभावच तसा आहे. लहानपणी मी पहिला नंबर आल्याचं सांगितलं तेव्हा तिने वर्गात मुलं किती होती ते विचारलं होतं.

अशा वेळी एका शर्यतीचे संयोजक आले. अंगाला घट्ट बसलेले कपडे, डोळ्यांवर अर्धा चेहरा झाकणारा चष्मा, आणि हातात आमच्या रोलरपेक्षा महाग सायकल. ती त्यांनी बाहेर लावली नाही, थेट साहेबांच्या खोलीत आणली. साहेबांनी मान वर न करता, तक्रार लेखी द्या, म्हणून सांगितलं. संयोजक म्हणाले, तक्रार नाही, तुमच्या रस्त्याचं कौतुक करायला आलोय. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. तक्रारीचा आमच्याकडे छापील नमुना आहे, कौतुकाचा नाही.

मग संयोजकांनी खुलासा केला. खडीच्या रस्त्यांवरून लांब पल्ल्याची सायकल शर्यत होणार होती आणि आमचा रस्ता तिचा कणा ठरणार होता. स्पर्धक त्यासाठी वर्षभर तयारी करतात. जाड टायर घेतात, मग त्यातली हवा मोजून कमी करतात. वजन घटवण्यासाठी टूथब्रशचा दांडा अर्धा कापतात. आपल्या गुळगुळीत शहरांत खडी मिळत नाही, म्हणून काहींनी घरी सायकलला खालून हादरे देणारं यंत्र बसवून घेतलंय. त्यांचे शिक्षक वेगळे, आहारतज्ज्ञ वेगळे आणि मणक्याचे डॉक्टर तर सगळ्यांत वेगळे.

“म्हणजे लोक पैसे भरून या रस्त्यावर येणार?” साहेबांनी विचारलं.

“भरणारे इतके आहेत की सोडत काढावी लागते.”

साहेबांनी खुर्ची खिडकीकडे वळवली. मग खोल आवाजात म्हणाले, “आणि आपण इतकी वर्षं हे फुकट देत होतो.”

संयोजकांची अट एकच होती: शर्यतीपर्यंत त्या रस्त्यावर चिमूटभरही डांबर पडता कामा नये. साहेबांनी त्याच दुपारी डांबरीकरणाला तात्पुरती स्थगिती दिली. तात्पुरती हा आमच्या खात्यातला सर्वांत टिकाऊ शब्द आहे, हे मी जाणून होतो. पण साहेबांना सांगणार कोण? आणि त्याहून अवघड म्हणजे, ताईला सांगणार कोण?

दुसऱ्या दिवसापासून तयारी सुरू झाली. रस्ता नादुरुस्त ठेवण्यात आमच्या खात्याचा हात कुणी धरणार नाही, पण आजवर ते आम्ही सहज करत होतो. आता ते कर्तव्य म्हणून करायचं होतं. वळणावरचे काही खड्डे गावकऱ्यांनी वैतागून स्वखर्चाने बुजवले होते. ते उकरून पूर्ववत करण्यात आले. उकरताना एक खड्डा मूळ खड्ड्यापेक्षा उथळ झाला, तर मुकादमाला समज देण्यात आली. एका उतारावर खडी फार घट्ट बसली होती, ती सैल करण्यासाठी माणसं लावली. इतक्या झपाट्याने काम होताना मी खात्यात कधी पाहिलं नव्हतं. शिपायाला वाटलं, कुणी मंत्री येतोय.

आता प्रश्न आला दर्जाचा. रस्ता पुरेसा खडबडीत आहे, हे सिद्ध कसं करायचं? त्यासाठी सायकल शर्यत समिती नेमली आणि तिच्या दोन बैठका झाल्या. कुणी म्हणालं, चहाचा कप ठेवून गाडी चालवू. कुणी म्हणालं, कवळी असलेल्या माणसाला बसवू. एकमत होईना. तेवढ्यात दार ढकलून ताई आत आली. स्थगितीची बातमी तिला पिंपांवरच्या ताडपत्रीवरून कळली होती. तिने सांडत असलेला ट्रे साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, बघा तुमच्या रस्त्याने काय केलंय.

साहेबांनी वाकून पाहिलं. पिवळा बलक त्यांच्या शिक्क्यांपर्यंत पोचला होता. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं.

“फुटण्याचं प्रमाण उत्तम आहे,” ते म्हणाले. “हेच मानक धरा.”

अशा रीतीने माझी बहीण न मागता खात्याची मापक झाली. जिथे अंडी फुटतील तो भाग शर्यतीस योग्य; जिथे शाबूत राहतील तिथे काम निकृष्ट समजून खडी पुन्हा उकरायची. ताई ट्रेखाली पेंढा घालायची, त्याला आक्षेप घेण्यात आला, कारण पेंढ्यामुळे निष्कर्ष चुकत होते. बिचारीने वर्षानुवर्षं सायकल घालून झाडाखालचा एक पट्टा चाकापुरता गुळगुळीत केला होता. तिथे एकही अंडं फुटलं नाही. तो पट्टा उकरताना ती कडेला उभी होती. निघालेले दगड ती मोजत होती. ताई मोजायला लागली की मला जास्त भीती वाटते.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं की रोजच्या वापराने खडी दबते. समितीने रस्त्याच्या दोन्ही टोकांना फलक लावले: ‘या रस्त्यावर सायकल चालवण्यास सक्त मनाई आहे. आज्ञेवरून, सायकल शर्यत समिती.’ ताई सायकल घरी ठेवून कडेकडेने पायी यायला लागली. पायी एका वेळी किती ट्रे येणार? बाकीची अंडी घरात साचू लागली. स्थगितीचा आदेश कोंबड्यांना लागू होत नाही. भावोजी सकाळ, दुपार, संध्याकाळ अंडी खात होते आणि फोनवर त्यांचा आवाज दिवसेंदिवस क्षीण होत चालला होता. बेकरीवाल्याने निरोप पाठवला, की त्याने थोडे दिवस आणखी थांबून पाहिलं असतं, पण त्याच्या भट्टीला धीर धरता येत नाही.

मी साहेबांना म्हटलं, शर्यत होईस्तोवर ठीक आहे, पण पिंपं तरी हाताशी आहेत, शर्यत झाली की लगेच काम सुरू करू. साहेब म्हणाले, पिंपं आता नाहीत. स्पर्धक आपल्या सायकली मोटारींच्या टपावर बांधून आणणार होते. सायकलींना खडी चालते, मोटारींना चालत नाही, खालून ओरखडे पडतात. तेव्हा संयोजकांच्या विनंतीवरून वाहनतळाचं डांबरीकरण करण्यात आलं, त्याच पिंपांतून. मी बघायला गेलो. काळाभोर, सपाट, पाण्याचा थेंब टाकला तर कुठे जावं हे त्याला कळू नये. मला मनापासून वाईट वाटलं. नोकरीत इतकं चांगलं डांबरीकरण मी पहिल्यांदाच पाहत होतो आणि त्यावर उभं करायला तिथे एकही अंडं नव्हतं.

यानंतर जे झालं त्यात आमच्या खात्याचा दोष नाही. सरावाला आलेल्या एका सायकलस्वाराने ताईचा फोटो काढला. मागे टेकडी, सोनेरी धूळ, कमरेवर ट्रे आणि कडेने चाललेली ताई. त्या क्षणी ती फोटो काढणाऱ्याला उद्देशून जे म्हणत होती ते मला लिहिता येणार नाही. फोटोखाली मात्र लोकांनी लिहिलं, काय ते मंद स्मित. लाखो लोकांनी हृदयाची खूण टाकली. कुणी म्हणालं, सुख म्हणजे आणखी काय असतं. कुणी म्हणालं, हिला कसली घाई नाही, आपणच धावतोय. एकाने सगळं सोडून तिथे राहायला जाणार असल्याचं जाहीर केलं. तो अजून पोचलेला नाही. आणि मग कुणीतरी विचारलं, या रस्त्यावर डांबर टाकणार आहेत म्हणे, हे खरं आहे का?

झालं. ‘खडी वाचवा’ मोहीम सुरू झाली. हा रस्ता कायमचा आहे तसाच ठेवा, या मागणीवर घरबसल्या सह्या होऊ लागल्या. सही करताना नाव आणि पूर्ण पत्ता द्यावा लागत होता, तो लोकांनी उत्साहाने दिला. गठ्ठा साहेबांच्या टेबलावर आला. त्यांनी तात्पुरती हा शब्द खोडून कायमस्वरूपी लिहायला पेन उघडलं आणि शिष्टाचार म्हणून ताईला बोलावून घेतलं, कारण फोटो तिचा होता.

ताई आली. साहेबांनी तिला खुर्ची दिली, अभिनंदन केलं आणि गठ्ठा दाखवला. ती सावकाश पानं उलटत राहिली. मी भिंतीला पाठ लावून उभा होतो आणि आता ही काय फेकून मारते, याचा अंदाज घेत होतो.

“या सगळ्यांना खडीचा रस्ता आवडतो?” तिने विचारलं.

“अतिशय,” साहेब म्हणाले.

“आणि यांच्या स्वतःच्या दारात काय आहे?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. पत्ते मी चाळले होते. “डांबर,” मी म्हणालो. “बहुतेकांकडे दोन थरांचं.”

“बिचारे,” ताई म्हणाली.

तिने गठ्ठा नीट लावून साहेबांपुढे सरकवला. मग ती पुढे म्हणाली, “साहेब, मी शिकलेली नाही फारशी, दुरून डोंगर साजरे एवढं मला कळतं. पण यांचं प्रेम खरं असेल तर त्यांना असं लांबून झुरायला लावणं बरं नाही. माझी खडी त्यांना द्या. त्यांचं डांबर मी सांभाळीन. माझी काही तक्रार नाही.”

मला वाटलं, साहेब हसतील. पण साहेबांना कागदावर लिहिलेली गोष्ट कधी विनोदी वाटलेली नाही. डांबराशी त्यांचं वैर नव्हतं, खडीवर प्रेमही नव्हतं. त्यांना फक्त आधार लागतो, आणि इथे तर सहीनिशी, पत्त्यासह, लाखोंनी आधार होता. त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं. एका ठिकाणी नको असलेलं साहित्य दुसऱ्या ठिकाणी वापरण्याची तरतूद त्यात होतीच. साहेबांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं, मोठ्या समाधानाने, कारण या प्रकरणात पहिल्यांदाच सगळे पक्ष राजी होते; संयोजकांना तर खडीशी मतलब, ती कुठल्या का गल्लीत असेना. बेकरीवाल्यालाही त्यांनी स्वतः फोन करून आठवडाभर थांबायला सांगितलं.

आदेश निघाला आहे. ज्यांनी फोटोला नुसतीच हृदयाची खूण टाकली, त्यांची पाळी नंतर. ज्यांनी सही केली, त्यांची आधी. आणि ज्यांनी सही करून वर ‘अशा रस्त्यांवरच माणुसकी शिल्लक आहे’ असं लिहिलं, त्यांना प्राधान्य. तुमचा पत्ता शोधायला त्रास पडला नाही, तुम्ही घराची खूणही दिली होती. डांबर खरवडणारं यंत्र सोमवारी सकाळी तुमच्या गल्लीत येईल. तेवढी गाडी बाजूला काढून ठेवा. खडी मागाहून येईल, उत्तम दर्जाची आहे. आणि पहिल्यांदा तिच्यावरून भाजी, गॅसची टाकी, म्हातारे वडील, जे काही न्यायचं असेल ते नेताना एक फोटो अवश्य टाका. ताई म्हणाली आहे, ती हृदयाची खूण टाकील.