वाळूच्या बागेतलं पान

सुमेधाचे वडील विलासराव त्या गुरुवारी तिचा घरी विसरलेला डबा घेऊन हॉटेलात आले आणि दारातच त्यांचं कपाळ आपटलं.

"बाबा, दार बुटकं आहे, वाकून यायचं असतं," सुमेधा धावत आली. "जपानी पद्धत आहे. आत येणारा माणूस नम्र व्हावा म्हणून."

"मी नम्रच होतो," विलासराव कपाळ चोळत म्हणाले. "उंच आहे, एवढाच काय तो गुन्हा."

अमिरातीतल्या अल ऐन शहरात इमारती बांधून घेण्यात त्यांची उभी हयात गेली होती. बायको गेल्यापासून ते लेकीकडे राहत. बर दुबईच्या जुन्या गल्लीतलं हे मोजक्या खोल्यांचं जपानी हॉटेल म्हणजे इमारत कुठे संपते आणि कला कुठे सुरू होते हे कळू नये अशा बेतानं बांधलेलं. आणि ते पाहुण्यांना समजावून सांगायचं, ही सुमेधाची नोकरी. 'इथली कुठलीही वस्तू उगाच ठेवलेली नाही, शांतपणे पाहा,' असं ती प्रत्येकाला सांगे. पाहुणे इतके मनावर घेत, की परवा सफाईच्या बादलीपुढेही एक जोडपं बराच वेळ हात बांधून उभं होतं.

विलासरावांनी मातीच्या भिंतीवरून बोट फिरवलं. "रंग राहिलाय."

"तो द्यायचाच नाहीये."

"एवढं मोठं मडकं, आणि त्यात एकच फांदी?"

"रिकामी जागा हीच कला असते, बाबा."

"मग आपला हॉल तू सामानानं का भरलास?"

सुमेधानं त्यांना घाईनं पुढे नेलं. मधल्या अंगणात पांढरी वाळू, तिच्यावर फणीनं ओढाव्यात तशा रेघा आणि मधोमध एक सपाट काळा दगड. "इथे फरशी कधी घालणार?" त्यांनी विचारलं.

"हीच बाग आहे. या रेघा म्हणजे पाणी."

विलासरावांनी वाकून रेघा पाहिल्या. "बाहेर अख्खं वाळवंट पडलंय आणि माणसं वाळू बघायला आत येतात. शाबास."

"बाबा, हळू बोला ना."

ते हळू बोलले. "भेंडी आहे, गार करून खाऊ नकोस," एवढं म्हणून ते नीट वाकून बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

पुढचं सगळं सुमेधानं निस्तरलं. पोलीस, दवाखाना, दूतावास, स्मशान. एकेक काम उरकलं की ती 'खलास' म्हणे आणि पुढच्याला लागे. रडायला सवड मिळाली नाही. मिळाली तेव्हा ती इतकी दमली होती, की तिला झोपच लागली. धाकटा भाऊ उल्हास येऊन अस्थी पुण्याला घेऊन गेला. दहाव्याचे विधी तिथेच होते.

दहाव्याला सकाळी त्याचा फोन आला. "ताई, कावळा शिवत नाहीये."

"घाटावर कावळे आहेत ना?"

"ढीगभर आहेत. शेजारच्या पानावर तुटून पडलेत. आपल्याकडे ढुंकून बघत नाहीत. गुरुजी म्हणतात, दर्भाचा कावळा करून शिवू. मी नाही म्हटलं. बाबांना डुप्लिकेट माल कधी चाललाय?"

"मग रे?"

"गुरुजी म्हणतात, जीव तिकडेच घुटमळत असेल. तू तिकडे पान ठेव. मी लायनीवर आहे."

भात आणि वडे सुमेधानं पहाटेच केले होते, आपल्याकडून काहीतरी असावं म्हणून. पण घराच्या बाल्कनीला कबुतरांसाठी जाळी, आणि खाली पाखरांना दाणे टाकले तर वॉचमन पोलिसांची भीती घालणार. कावळे असत खाडीकडे, म्हणजे हॉटेलच्या बाजूला. तिनं भात-वडे डब्यात भरले, केळीचं पान गुंडाळलं आणि टॅक्सी पकडली.

"पान? अंगणात?" मॅनेजर ऑड्रीनं विचारलं. ऑड्री मूळची वसईची. "अगं बाय, आर्किटेक्टनं तिथे माझी खुर्चीसुद्धा ठेवू दिली नव्हती." मग तिनं सुमेधाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "ठेव. वरून विचारणा झाली तर मला काही माहीत नाही."

सुमेधानं पान काळ्या दगडावर ठेवलं, वर भात, वडे, दह्याचा ठिपका. समोरच्या इमारतीच्या एसीवर एक कावळा येऊन बसलासुद्धा. आणि तेवढ्यात नाश्ता आटोपून पाहुणे अंगणात आले.

शिकवल्याप्रमाणे ते शांत उभे राहिले. मग एकेकजण खाली बसला. एका बाईंनी कुजबुजत विचारलं, "हे नवीन का?"

"फक्त आजच्या दिवसापुरतं आहे," ऑड्री म्हणाली. हे ऐकून जे खोलीत होते तेही खाली आले.

"ताई, शिवला?" फोनमधून उल्हास ओरडला.

"बसलाय. गर्दी बघून येत नाहीये."

"गर्दी कसली? बाबा तिथे कोणाला ओळखत होते?"

अशात फहद आला. खाडीकाठच्या हॉटेलांमधून पाखरं पळवून लावायला तो ससाणा घेऊन फिरत असे. त्याच्या मनगटावरचा पक्षी पाहताच कावळा एसीमागे गेला.

"फहदभाई, आज नहीं, प्लीज," सुमेधा हात जोडून म्हणाली.

"मॅडम, कव्वे भगाने के लिए ही तो मुझे बुलाते हैं."

"आज एक को बुलाना है."

फहदनं पान पाहिलं, सुमेधाला पाहिलं आणि खिशातून कातडी टोपी काढली. "इसको बुरखा पहना देता हूँ. इन्शाल्ला आ जाएगा." डोळे झाकलेला ससाणा घेऊन तोही पाहुण्यांत मांडी घालून बसला. पाहुण्यांनी आदरानं त्याला जागा दिली. त्यांच्या मते कलाकृती आता पूर्ण झाली होती.

"ताई, त्यांची काहीतरी इच्छा राहिली असणार. मला स्पीकरवर टाक," उल्हास म्हणाला, आणि त्याचा आवाज अंगणभर घुमला. "बाबा! माझ्या अथर्वला बारावी होईपर्यंत स्कूटर देणार नाही!"

कावळा हलला नाही.

"बाबा! पुण्याच्या घराची गच्ची गळते ना, तिचं वॉटरप्रूफिंग करून घेतो! चांगल्या माणसाकडून!"

कावळा एसीवरून भिंतीवर आला.

"शिवला?"

"भिंतीवर आलाय."

"वॉटरप्रूफिंगला आला ना? मला वाटलंच होतं. ताई, आता तू बोल."

"माझं काही नाहीये."

"असं कसं? रोज तुझ्याजवळ असायचे."

सुमेधा भिंतीकडे वळली. "बाबा, मी वेळेवर जेवत जाईन." कावळा वाळूत उतरला. "दर वर्षी तपासणी करून घेईन." तो टुणटुणत निघाला आणि जपानी पाण्यावर पावलांची नक्षी उठत गेली. ऑड्रीनं छातीवर क्रूस काढला. कावळा दगडावर चढला, मान तिरकी करून त्यानं भात पाहिला.

"ताई, गुरुजी घाई करतायत. शेवटचं म्हण, 'आमची काळजी करू नका, सुखानं जा.' एवढं म्हटलंस की झालं."

कावळ्यानं चोच पुढे केली.

"हाऽऽड!"

सुमेधा इतक्या जोरात ओरडली, की कावळा फडफडत गच्चीपार गेला, ससाणा बुरख्यासकट उधळला आणि पुढच्या रांगेतल्या बाई मागे कोलमडल्या.

"ताई! काय झालं? शिवला का?"

सुमेधा ज्या वाळूवर कोणाला पाऊल ठेवू देत नसे, तीच तुडवत पानापाशी गेली आणि फतकल मारून बसली.

"जाऊ नका ना, बाबा," ती सगळ्यांदेखत, मोठ्यानं म्हणाली. "मला तुम्ही अजून हवे आहात."