कांतीशेठचं एका शब्दाचं इंग्रजी

मंचरच्या पेठेत कांतीशेठचं भांड्यांचं दुकान आहे. कांतीशेठना इंग्रजीतला एकच शब्द येतो, ‘गेट’. दुसरा शिकायची त्यांची तयारी नाही. मी त्यांचा शेजारी, त्यातून कॉलेजात इंग्रजीचा मास्तर, म्हणजे सुटका नाहीच.

सकाळी मी पेपर उघडला की हाक येते, “सर, गेट चहा!” लग्नाची भांडी घ्यायला आलेल्या माणसांना ते सांगतात, “गेट मॅरिड, पावणं! मग गेट घागर, गेट परात!” पाहुणे बिचारे माझ्याकडे बघतात.

“अहो शेठ, प्रत्येक ठिकाणी गेट चालत नाही,” मी एकदा वैतागून म्हणालो.

“का न्हाई? सकाळी गेट अप, यष्टीतून गेट डाऊन, कुणी आजारी पडलं की गेट वेल. एका शब्दात आख्खा दिस निघतो राव! लई शब्द करायचेत काय?”

हेच शेठ गिऱ्हाइकाच्या गळ्यात दुधाचं वेगळं आणि भाताचं वेगळं पातेलं मारतात.

हा सगळा खटाटोप नातीसाठी. मुलगा मेलबर्नला असतो. नात लहान आहे, तिला फक्त इंग्रजी येतं. रविवारी व्हिडिओ फोनवर “हाय दादाजी” म्हणते आणि खेळायला पळते. शेठाणी गेल्यापासून शेठचा सगळा आठवडा त्या रविवारकडे डोळे लावून जातो. तिला जरा वेळ फोनवर धरून ठेवायचं, एवढंच त्यांना हवं असतं.

गेल्या रविवारी त्यांनी मला दुपारच्या झोपेतून उठवून नेलं. “सर, अडलो तर मागून सांगा.” मी चरफडत जाऊन बसलो.

नात आली ती तोंड उघडूनच. पुढचा दात पडला होता, तो दाखवायचा होता. ती भराभर सांगत सुटली आणि शेठना घाम फुटला. “गेट... गेट...” पुढे काही येईना. मी मागून सांगत होतो, तेही त्यांना ऐकू जाईना. पोरगी कंटाळून उठायला लागली.

तेव्हा शेठनी तोंडात बोटं घातली, वरची कवळी काढली आणि बोळक्या तोंडाने तिच्याकडे बघून हसले.

पोरगी किंचाळली. हसून हसून लोळली. आईला ओढून आणलं आणि दादाजींना पुन्हा पुन्हा कवळी काढायला लावली. माझा राग कुठल्या कुठे गेला.

शेवटी तिकडे जेवायची वेळ झाली आणि फोन बंद झाला. शेठ कवळी हातात धरून फोनकडे बघत राहिले. मी उठलो, तशी त्यांनी माझी बाही धरली.

“सर, तिचा दुसरा दात कधी पडंल वो?”